एकमताने

आमच्या कॉलेजात दर महिन्याला चार पानी वर्तमानपत्र निघायचं आणि त्या वर्षी मी त्याची संपादक होते. घरी आम्ही तेलुगू बोलतो, लिहायला मात्र मला मराठीच येतं. विद्यार्थी मंडळाच्या सभांना मी वही घेऊन मागच्या बाकावर बसायचे. कुणाची हरकत नसायची, कारण आम्ही छापलेलं फारसं कुणी वाचत नाही असाच सगळ्यांचा समज होता.

त्या सभेत मुलींची अभ्यासिका मंडळाच्या कार्यालयासाठी घ्यायचा ठराव आला. अध्यक्ष हसतमुख मुलगा होता, सगळ्यांना दादा-ताई म्हणणारा. "विरोधात कोण?" त्यानं सहज विचारलं. एकच हात वर झाला. मंद्रूपहून रोज एसटीनं येणाऱ्या, मंडळात मुलींची प्रतिनिधी असलेल्या माझ्या मैत्रिणीचा. अध्यक्षानं त्या हाताकडं पाहिलं, आणि "बरं, पुढचा विषय," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली : ठराव एकमताने मंजूर.

मी बातमी लिहिली तेव्हा ती शेजारी बसली होती. 'एका सदस्याचा विरोध' हे शब्द तिनं वाचले आणि म्हणाली, "नाव घाल की. नाहीतर उद्या म्हणतील, कोण तो सदस्य, दाखवा."

मी नाव घातलं.

अंक निघाला त्या दुपारी अध्यक्ष आमच्या वर्तमानपत्राच्या खोलीत आला. बसला, पंख्याकडं बघत राहिला. "ताई, दुरुस्ती टाका की पुढच्या अंकात. त्या दिवशी ती सभेला नव्हतीच."

"मी स्वतः तिथं होते."

"तुमी होता. बाकीच्यांना विचारा ना."

विचारलं. सभेत माझ्या पुढच्याच बाकावर बसलेली मुलगी म्हणाली, "मला आठवत नाही गं." दुसऱ्यानं मोबाइलमधून मान वर काढली नाही. आठवडा संपेपर्यंत तो हात पाहिलेलं कॉलेजात कुणी उरलं नव्हतं. माझ्या मैत्रिणीसोबत कुणी डबा खाईना. मी कँटीनमध्ये गेले की टेबलावरचं बोलणं थांबायचं.

मग एक दिवस तिचे वडील तिच्यासोबत आमच्या खोलीत आले. त्यांची शेरडं-मेंढरं होती. आदल्या दिवशी मंद्रूपच्या बाजारात दोन अनोळखी पोरं त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली होती. बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला, घेतलं काहीच नाही. जाताना एकानं विचारलं, "पोरगी कोणत्या एसटीनं जाती ओ काका?"

"धमकी न्हाय दिली," वडील मला सांगत होते. "लई गोड बोलली. म्हणून तर भ्या वाटलं. बाई, तेवढं नाव काढून टाका. आमी तितं एकटी मानसं."

मी तिच्याकडं पाहिलं. ती वडिलांना म्हणाली, "आबा, मी हात वर केला होता का न्हाय, ते तर खरं हाय ना?"

"खरं हाय गं. पर खरं हाय म्हणून कोन सोबत येतंय एसटीत?"

  पण नाव काढा असं ती काही म्हणाली नाही, आणि मी दुरुस्ती लिहिली नाही.

पुढचा अंक हातात आला तेव्हा पहिल्याच पानावर चौकट होती : मागील अंकातील वृत्त चुकीचे होते, संपादक दिलगीर आहेत. खाली माझं नाव. मी आमच्यावर देखरेख करणाऱ्या सरांकडं गेले. त्यांनी आधी उठून दार लावून घेतलं.

"सर, मी हे लिहिलेलं नाही."

"मला माहीत आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "तू आता परीक्षेकडं लक्ष दे. माझं ऐक, आणि तिलाही सांग."

त्याच दिवशी मी संपादकपद सोडलं. तिनं मात्र कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मी सभेला होते. मी विरोध केला.' खाली सही करून तो फलकावर लावला. कुणीतरी फाडला. तिनं पुन्हा लावला. या वेळी कुणी फाडलाच नाही, फक्त त्यावर अभ्यासिका बंद असल्याची सूचना चिकटवली.

परीक्षेच्या प्रत्येक पेपरला वडील तिच्यासोबत आले आणि फाटकाबाहेर बसून राहिले. निकालानंतर त्यांनी तिचा दाखला काढला. करकंबला मामाकडं राहून तिनं पंढरपूरच्या कॉलेजात प्रवेश घेतला.

परवा तिचा फोन आला. आवाज पूर्वीसारखाच. "हितल्या मंडळाला मी उभी राहणार हाय," ती म्हणाली. "आणि हितं वर्तमानपत्र न्हाय. कसं काढायचं सांग."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मला आधी बाजारातली ती दोन पोरं आठवली. तरी मी सांगत गेले : परवानगी कुणाची लागते, सभेत कुठं बसायचं, कुणाचं बोलणं लगेच लिहून घ्यायचं. शेवटी म्हणाले, "एक ऐक. सभेला एकटी जाऊ नकोस. कुणाला तरी सोबत ने."



"विचारलं दोघी-तिघींना," ती म्हणाली. "कुणी तयार न्हाय अजून."