नायकाची आई

"वय कामून इचारायलास? आधी नायकाला इचार, मग माझ्याकडं ये."

कुणी वय विचारलं की अंबाडा वळता वळता अक्का हेच म्हणायची. विचारणारा हसायचा. नायकाला विचारायला मात्र कुणी जात नसे.

भालकी-कमलनगरकडच्या जत्रांतून नाटकं करणाऱ्या एका मंडळीत अक्का नायिका होती आणि मी पेटी वाजवायचो. तिचा नायक तिच्याहून चांगलाच मोठा. पोटाला पट्टा, तोंडात कवळी आणि प्रयोगाआधी केसांना चोपडलेला काळा रंग. प्रेमाच्या प्रवेशात गुडघा टेकला की त्याला उठता येत नसे. अक्का गाण्याच्या तालात त्याचा हात धरून असं उठवायची की लोकांना तो लाडच वाटायचा. असे नायक तुम्हीही पाहिले असतील. त्यांना उठवणारे हात आपल्याला दिसत नाहीत.

खटकचिंचोळीच्या जत्रेआधी तालमीत मालक म्हणाला, "अक्का, यंदा तू नायकाची आई. नायिका उदगीरची पोरगी करायलीय. लोकांना तरुण पोरगी लागती."

"आन् पोरगा म्हातारा चालतोय व्हय?"

"त्याचं काम मुरलंय, अक्का."

"आन् माझं?"

मालक पडद्याच्या दोऱ्या तपासायला निघून गेला. नायक चहात बिस्कीट बुडवत राहिला. मला वाटलं, अक्का ट्रंक उचलून घरी जाईल. ती म्हणाली, "करते की आईचं काम." आवाज इतका गोड होता की मलाच भीती वाटली.

नाटकात मुलगा परगावी निघतो आणि आई तांब्याभर पाणी त्याच्यावरून ओवाळून बाजूला टाकते. जत्रेत नायक गुडघे टेकून तिच्या पाया पडला. अक्कानं पाणी ओवाळलं आणि सगळा तांब्या त्याच्या डोक्यावर रिकामा केला.

काळे ओघळ कपाळावरून, मिशीवरून पांढऱ्या सदऱ्यावर उतरले. खालचं पिकलेलं डोकं उघडं पडलं. अक्का बायकांच्या बाजूला वळली. "बघा गं बायांनो, माझ्या लेकराचं तरुणपण वाहून चाललंय!"

आधी बायका हसल्या, मग सगळा मांडव. नायकानं उठण्यासाठी हात वर केला. अक्कानं तो हात नीट पाहिला आणि पदर सावरत मागं सरली. शेवटी पेटी सोडून मीच त्याला उठवलं.

पडदा पडताच मालकानं तिला काढून टाकलं. पण लोकांनी तो प्रवेश मोबाइलवर टिपला होता. दुबलगुंडीपासून उदगीरपर्यंत तो फिरला. जत्रेचे पंच मालकाला बजावू लागले, "ती पाणी ओतणारी बाई आणा, न्हाईतर येऊ नका." मग मालक मला सोबत घेऊन तिच्या दारात गेला. अक्कानं त्याला 'बस' असंसुद्धा म्हटलं नाही.

"येते. पण नायिका मीच. पांढऱ्या केसांची, माझ्याच वयाची. तसं नाटक बसव."

"आन् आपला नायक?"

"त्यो माझा बाप. खाटंवर पडून खोकायचं." मालक काही बोलणार तोच ती म्हणाली, "त्याला सांग, लोकांना तरुण पोरगं लागतंय."

दुसरीकडं कुणी घेईना, म्हणून नायकानं ते काम घेतलं. तो खोकायचा, अक्का टाळ्या घ्यायची. त्याची पाठ दुखते हे कळल्यावर तिनं आपलं जुनं लुगडं घडी करून खाटेवर अंथरलं. मी हळूच विचारलं, "राग गेला म्हण की, अक्का."

"न्हाई. त्याची पाठ येगळी, माझा राग येगळा."

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेली. कमलनगरात शोकसभा झाली. मालकानं तिचा विशीतला फोटो लावला होता, गालावर बट असलेला. एकेक जण उठून तिच्या रूपाबद्दल बोलू लागला. काय डोळे होते, काय कंबर होती. तिच्या कामाबद्दल कुणीच बोलेना.

अक्काची मुलगी भालकीत नर्स आहे. ती शांतपणे उठली, हार बाजूला केला आणि तो फोटो उतरवून टेबलावर पालथा ठेवला. पिशवीतून दुसरा काढून तिथं लावला. शेवटच्या नाटकातला. पांढरे केस मोकळे, तोंडाला रंग नाही, नजर सरळ समोर.

समोर पहिल्या रांगेत मालक बसला होता. त्यानं खुर्ची जरा बाजूला सरकवली. मग आणखी जरा.