नरक परत घेणारे सासरे

नगर जिल्ह्यात नरक पोहोचवण्याचं काम आमच्या सासऱ्यांइतकं मन लावून कुणी केलं नसेल, आणि तोच नरक दारोदार फिरून परत घेणारा माणूस तर साऱ्या ख्रिस्ती जगात दुसरा सापडायचा नाही. अकोले तालुक्यातल्या डोंगरवाड्यांपासून कोल्हारपर्यंत त्यांनी पाळक म्हणून आयुष्य काढलं. उपदेश रंगात आला की ते काडी पेटवायचे, बोटाला चटका बसेपर्यंत धरायचे आणि म्हणायचे, "एवढं सोसत नाही, मग अनंतकाळ कसा सोसाल?" पुढच्या चटईवरची पोरं रडायला लागायची. त्यांतलीच एक माझी बायको. ती अजून पाय पोटाशी घेऊन झोपते.

निवृत्तीनंतर ते सावेडीला आमच्याकडे राहायला आले आणि इथेच सगळं बिघडलं. माझ्या मुलीनं त्यांचा चष्मा फोडला आणि वर मांजरावर आळ घेतला. खोटं बोलल्याबद्दल त्यांनी तिला पाच मिनिटं कोपऱ्यात उभं राहायला सांगितलं. थोड्याच वेळात तिचा ओठ थरथरला आणि ह्यांनीच तिला उचलून कडेवर घेतलं. त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "जावईबापू, मला पाच मिनिटं निभावली नाहीत. देवाला अनंतकाळ कसा निभवत असेल? का मीच देवाला माझ्यापेक्षा निर्दय ठरवून बसलो?" मी बँकेतला माणूस. असल्या प्रश्नांना आमच्याकडे खिडकी नसते.

मग दर शनिवारी मी स्कूटर काढायची, त्यांनी मागे बसायचं आणि जुन्या लोकांच्या दारात जाऊन सांगायचं, की मी सांगितलेला नरक मनातून काढून टाका, माझी चूक झाली. लाजेनं मला हेल्मेट काढावंसं वाटत नसे. आणि गंमत अशी की नरक परत द्यायला कुणी तयारच नव्हतं. एक आजीबाई म्हणाल्या, राहू द्या, नातवंडं तेवढ्यालाच भितात. एका शेतकऱ्यानं तर भांडणच काढलं. "मंग माझा बांध कोरला त्या चुलत्याचं काय? त्याला बी सर्गातच नेता व्हय?" शेवटी चुलत्यापुरती थोडी मुदतीची शिक्षा कबूल करून सासऱ्यांनी सुटका करून घेतली.

कोल्हार मात्र ते टाळत होते. कोल्हारचं नाव काढलं की कधी त्यांची पाठ धरायची, कधी ऊन बाधायचं. एकदा खरं कारण बोलून गेले. तिथल्या एका मावशींचा तरुण मुलगा दारूनं गेला होता. दफनाच्या वेळी, पेटी उघडी असताना, त्या माउलीसमोर ह्यांनी सांगितलं होतं, की हा आता कुठे गेला ते ओळखा आणि शहाणे व्हा. तेव्हापासून मावशी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीत वाटला जाणारा भाकरीचा तुकडा, घेत नव्हत्या. भाकरीचं ताट समोर आलं की न शिवता पुढे सरकवायच्या. त्या आपल्यावर रुसल्यात असं समजून ह्यांनी त्यांच्यादेखत क्षमेवर आणखी उपदेश ठोकले होते. हे सांगताना त्यांची मान वर होत नव्हती. पुढच्या शनिवारी मी न विचारताच स्कूटर कोल्हारच्या रस्त्याला लावली.

मावशी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. सासरे उभ्या उभ्याच म्हणाले, "मावशी, त्या दिवशी मी बोललो ते देवाचं नव्हतं, माझं होतं. चुकलो. राग सोडा आणि भोजन घेत चला."

"राग कशाचा, सायेब?" मावशी म्हणाल्या. "तुमीच सांगितलं ना, त्यो तिकडं गेला म्हून. अंधाराला लई भ्यायचा त्यो. म्या म्हनलं, आपन भोजन घेतलं न्हाई तर आपल्याला बी तिकडंच धाडतील. तेवढीच त्याला सोबत."

सासरे पायरीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटली, म्हणून मी रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर बघत राहिलो. मग तोंडावरचे हात काढून ते म्हणाले, "तुमच्याहून देवाची माया कमी असेल असं माझ्या तोंडून आता निघायचं नाही. तो तिकडे नसेल, मावशी."

"नसंल, का न्हाईच?" मावशींनी विचारलं. "पक्कं सांगा. न्हाईतर मी इकडं आन त्यो एकलाच तिकडं."

जन्मभर छातीठोक बोललेला माणूस, पण एवढी एक गोष्ट त्यांना छातीठोक सांगता आली नाही.

हल्ली प्रभुभोजनाच्या रविवारी मी त्यांना कोल्हारला नेतो. ते सरळ बायकांच्या बाजूला जाऊन मावशींशेजारी बसतात. लोक बघतात, कुणी हसतं, त्यांचं लक्ष नसतं. ताट आलं की मावशी त्यांच्या तोंडाकडे बघतात, ते खाली बघतात आणि ताट पुढे जातं. आता तेही घेत नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, मावशींच्या आधी मी कोणत्या तोंडानं घेऊ? मग ते ताट मागच्या रांगेत माझ्यापर्यंत येतं. मी घेतो. मला घ्यायला काहीच अडचण नाही, आणि तो एवढासा तुकडा घशाखाली उतरेपर्यंत मला त्या दोघांकडे बघवत नाही.