गोंद लावलेलं मडगार्ड

मंगला गौरीच्या देवळाच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा स्कूटर-मिस्त्री प्लास्टिकचा कुठलाही तुकडा हाती आला की आधी उलटा करतो आणि मागे छापलेला जातीचा आकडा वाचतो, गुरुजींनी पत्रिका बघावी तसा. एका जातीचं प्लास्टिक एका गोणीत भरतो. कारखान्यात ते वितळवून नवी मडगार्डं करतात. पण एका तुकड्यावरही गोंद सापडला, तर अख्खी गोणी परत येते आणि याचा महिनाभराचा खटाटोप वाया जातो.

माझ्या जुन्या स्कूटरचं मडगार्ड त्याला दिलं, तेव्हा त्याने विचारलं, "माताजी, कहीं चिपकाया तो नहीं?"

"बिलकुल नहीं," मी म्हटलं.

वीस वर्षांपूर्वी ते मीच वाटीभर गोंद ओतून जोडलं होतं आणि आठवडाभर घरात इंजिनिअरच्या तोऱ्यात फिरले होते.

त्याने तुकडा उलटा केला. चष्मा पुसला आणि ब्लेडने खरवडत बसला. अर्ध्या तासाने मलाच राहवेना.

"भैया, किसी मूरख औरत ने चिपकाया होगा."

"जी," मान वर न करता तो म्हणाला, "उनका एक बाल भी फँसा है इसमें. तब काला था."