पापणीचं टोक

“बुडबुड्याची कड जाड अन् काळी असते, केंद्रकाची नसते, ज्यानं डोळा लावला त्याले हे सांगा लागत नाही.”

वली हे मुलांना सांगायचा, वर्गात मास्तर नसताना. अचलपूरच्या घड्याळजीचा मुलगा. अमरावतीच्या एका खाजगी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत तो नोकर होता आणि तिथला एकुलता एक पितळी सूक्ष्मदर्शक त्याच्याच ताब्यात असे.

कांद्याच्या पाकळीच्या आतला पापुद्रा तो चिमट्याने सोलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, आयोडीनचा थेंब सोडायचा. वरची पातळ काच सुईवर तिरकी टेकवून हळूहळू उतरवायचा, म्हणजे आत हवा अडकत नाही. मग विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसत. प्रत्येकीत पिवळसर तपकिरी ठिपका. तेच केंद्रक, पेशीचा सगळा कारभार तिथून चालतो. मुलांना ते नेमकं सापडावं म्हणून वलीने स्वतःच्या पापणीचा एक केस वरच्या भिंगाच्या नळीत चिकटवला होता. केसाचं टोक केंद्रकावर येईल अशी पट्टी तो रोज लावून ठेवी.

वामनराव मास्तर लांबूनच सांगत, “केसाच्या टोकाशी गोल दिसतो, ते केंद्रक. पुढचा या.” अकरा वर्षं त्यांनी भिंगाला डोळा लावला नव्हता.

त्यांच्या जीवशास्त्राच्या पुस्तकासाठी वलीने दोन वर्षं खपून चाळीस चित्रं काढली. “पहिल्या पानावर तुझं नाव टाकतो,” मास्तर म्हणाले होते. १९३४ साली अकोल्याहून पुस्तक छापून आलं. पहिल्या पानावर होतं, ‘आकृती : लेखक’.

वलीने वर्गातच विचारलं, “मास्तर, माहं नाव?”

“काचा पुसणाऱ्याचं नाव पुस्तकात कोण टाकतं रे? उद्या चपराशी मागेल.”

वर्ग हसला. वली काच पुसत राहिला. तीन महिने त्याने तो विषय काढला नाही. प्रयोगशाळेतल्या कॅलेंडरवर मात्र त्याने एका तारखेला खूण केली. त्या दिवशी नागपूरहून इन्स्पेक्टर केशवराव येणार होते, पुस्तक शाळांना लावायचं की नाही ते ठरवायला.

त्या सकाळी त्याने वरची काच सुईवर टेकवली नाही. आडवी, एकदम सोडली. आत हवा अडकली. मग अतिशय निगुतीने त्याने केसाचं टोक एका बुडबुड्यावर आणलं.

केशवराव भिंगावर वाकले. मास्तर तीन पावलांवरून म्हणाले, “केसाच्या टोकाशी गोल दिसतो ना साहेब, ते केंद्रक.”

“तुम्ही पाहिलंत?”

“पाहायचं काय त्यात, अकरा वर्षं शिकवतोय.”

“आज पाहा.”

मास्तरांनी डोळा लावला. “हो, केंद्रकच.”

“कड पाहा, मास्तर. जाड, काळी. ही हवा आहे. खरं केंद्रक दाखवा.”

मास्तरांनी पट्टी उजवीकडे ढकलली. चित्र डावीकडे पळालं. भिंगातून सगळं उलटं सरकतं, हे पुस्तकाच्या सहाव्या पानावर त्यांनीच लिहिलं होतं. अजून ढकलली. आता नुसता पांढरा उजेड उरला. त्यांच्या कपाळावरचा घाम नळीवर टपकला.

केशवरावांनी पुस्तक उघडून कांद्याच्या आकृतीवर बोट ठेवलं. “इथं तर केंद्रक अगदी बरोबर आहे. ही चित्रं कोणी काढली?”

मास्तर भिंगापासून मागे सरले. मग वलीकडे वळून, या अकरा वर्षांत प्रथमच आदराने, म्हणाले, “वलीभाई, जरा लावून द्या हो.”

या वेळी कोणी हसलं नाही. केशवरावांनी पुस्तक मिटून टेबलावरच ठेवलं, आपल्या बॅगेत नाही. “काढणारे तुम्ही का?” त्यांनी वलीला विचारलं.

वली पुढे आला. त्याने वरचं भिंग उचललं, चिमट्याने नळीतून आपल्या पापणीचा केस काढला, खिशातल्या रिकाम्या काडेपेटीत ठेवला. भिंग स्वच्छ पुसून जागच्या जागी बसवलं.

मग तो बाहेर निघून गेला.