खारूताई छाप दंतमंजन

कुटलेल्या लवंगेचा वास आला, की मला पन्नास सालानंतरचं चिंचवड आठवतं. मी आणि माझा शेजारी, दोघंही पत्र्याच्या शेडमध्ये दंतमंजन करायचो. माझं कसंबसं तळेगावच्या बाजारापर्यंत पोचायचं आणि त्याच्या खारूताई छाप डब्या थेट आफ्रिकेत, मोंबासाला निघाल्या होत्या. तिथल्या व्यापाऱ्याचं पत्र त्यानं मला तीनदा वाचून दाखवलं: इथली नोंदणी तिकडे चालत नाही, माल येण्याआधी छाप तिकडेही नोंदवा. अर्ज तयार होता, फक्त सही राहिली होती. माझ्या पोटात नुसती आग. मी चेहरा काळजीचा करून म्हणालो, "राव, पितृपक्ष सुरू झालाय. पितरांच्या दिवसांत कुणी नवं काम काढतं व्हय?" त्यानं पेन खाली ठेवलं. अर्ज घटस्थापनेला गेला, तोवर आधी पाठवलेल्या नमुन्याच्या डब्या पाहून तिथल्याच एकानं खारूताई आपल्या नावावर करून घेतली होती. मी तोंड लपवत होतो, तर शेजारीच येऊन माझे हात धरून म्हणाला, "भावा, तवा सही केली असती तर पितर कोपलं असतं. छापावर निभावलं. तू वाचवलंस." तेव्हापासून त्याच्या वडिलांच्या श्राद्धाला मला दरवर्षी आग्रहाचं बोलावणं असतं. मी जातो, पोटभर जेवतो आणि एवढी दाट खीर आमच्या घरी का होत नाही, म्हणून जळत परत येतो.