लाँड्रीच्या गॅलरीखालचा हुकर

रेडकूचं लाँड्रीवालीशी काहीतरी आहे, ही बातमी गल्लीत आधी कोणी आणली ते कोणीच कबूल करत नाही. पुढे नेली मात्र सगळ्यांनी. पुरावा भक्कम. रोज पहाटे हा गडी लाँड्रीच्या वरच्या गॅलरीखाली हजर. वर फुलाफुलांची चादर डोक्यावरून घेतलेलं कोणीतरी हात पसरून उभं. हा खालून बॉल फेकणार, वरून तो झेलला जाणार, परत खाली येणार. आता हे प्रेम नाही तर काय? आणि लाँड्रीवाली चांगली दहा वर्षांनी मोठी, वर लग्न झालेली!

रेडकू म्हणजे मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते कळू नये असा पोरगा. रग्बीच्या क्लबाने त्याला वर्षभराच्या करारावर घेतला होता. पहिल्या पगारात त्याने आईसाठी मोठा फ्रीज आणला आणि आठवड्याच्या आत स्वतःच रिकामा केला.

धक्काबुक्कीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. घोडं अडायचं एकाच ठिकाणी. बॉल मैदानाच्या बाजूच्या रेषेबाहेर गेला की तो आत फेकायचं काम हुकरचं, म्हणजे याचं. दोन्ही संघ शेजारी शेजारी रांगा लावतात, दोघं जण आपल्या उंच गड्याला मांड्यांना धरून वर उचलतात, आणि बॉल दोन रांगांच्या बरोबर मधून जाऊन त्याच्या हातात पडावा लागतो. रेडकूचा बॉल कधी समोरच्या संघाच्या घरी जायचा, कधी थेट प्रेक्षकांच्या.

“लेका, तू बॉल फेकतोस की वाटतोस?” कोच म्हणाला. “सीझन संपेपर्यंत फेक सरळ झाली नाही तर करार संपला. मग घरी बसून फ्रीज सांभाळ.”

उचललेल्या गड्याचे हात जेवढे वर जातात, नेमकी तेवढीच उंच लाँड्रीची गॅलरी होती.

बातमी फिरत फिरत आईपर्यंत पोचली. तिने ताट आदळलं. “त्या बिचाऱ्या नवऱ्याचा खांदा धरलाय, हात गळ्यात बांधून बसलाय. बायको एकटी कपड्यांची गाठोडी ओढते, आणि तुला तिच्याच गॅलरीखाली खेळ सुचतात?”

“अगं, फेकायची प्रॅक्टिस करतो.”

“आणि झेलतं कोण?”

रेडकूने मोठा घास तोंडात कोंबला. कोणालातरी शब्द दिला होता ना.

शेवटच्या मॅचला अख्खी गल्ली लोटली. खेळ बघायला की रेडकू लाँड्रीवालीकडे बघतो का ते बघायला, हे विचारू नका. लाँड्रीवाली पहिल्याच रांगेत, शेजारी गळ्यात हात बांधलेला नवरा.

शेवटची मिनिटं, संघ थोडक्यात मागे, आणि बॉल समोरच्यांच्या गोलरेषेजवळ बाहेर गेला. रेडकूने तो डोक्यामागे नेला. कोच नखं खातोय. रेडकूने डोळ्यांपुढे गॅलरी आणली, फुलाफुलांची चादर आणली आणि बॉल सोडला.

सुतासारखा सरळ! उंच गड्याने झेलला, सगळा कळप ढकलत ढकलत बॉलसकट गोलरेषेपलीकडे कोसळला. जिंकले!

पण पहिल्या रांगेला ते दिसलंच नाही. बॉल सुटला त्याच क्षणी लाँड्रीवाला उठला, गळ्यातून हात सोडवला आणि दोन्ही हात डोक्यावर ताणून ओरडला, “सोड! उंच सोड! हां, आला बघ!”

बायको त्याच्या हातांकडे बघत राहिली.

“खांदा बरा झाला वाटतं?”

रेडकूचा करार वाढला. गाठोडी हल्ली नवरा उचलतो.

गॅलरीत चादर घेऊन उभा असायचा तो लाँड्रीवाला. पहाटे त्याला थंडी वाजायची. बायको तेव्हा आत झोपलेली असायची. त्याच्या खांद्याला काहीही झालेलं नव्हतं.