लक्ष्मीची विलायती साडी

मी हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच लागले होते तेव्हाची गोष्ट. एका रविवारी जुन्या बाजारातून बाबांनी पत्त्यांचा एक जुना कॅट आणला. कडा सोनेरी, पाठीवर कमळात उभी लक्ष्मी. डबी नव्हती आणि इस्पिकचा एक्का, ज्यावर बहुधा कंपनीचं नाव असतं, तो नेमका फाटलेला.

"इंग्लंडचे आहेत. कागद बघ," बाबा म्हणाले.

"लक्ष्मी आहे म्हणजे आपल्याकडचेच," मी म्हटलं.

भाजी निवडता निवडता आईने एक पत्ता डोळ्यांजवळ धरला. "ही साडी नेसलेली नाही, गुंडाळलेली आहे. निऱ्या कुठायत? काढणाऱ्याने साडी नेसलेली बाई पाहिलेलीच नाही."

आम्ही दोघं पत्त्यावर वाकलो. खरंच, निऱ्यांच्या जागी झग्यासारखा घेर होता!

मी पत्ते स्कॅन केले आणि जुने पत्ते जमवणाऱ्या परदेशी लोकांच्या एका फोरमवर चित्रं टाकली. आईचं म्हणणंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बघते तर बेल्जियममधल्या एका बाईंचं उत्तर! 'तुमच्या आईंना नमस्कार सांगा. आमच्याकडचे छापखाने हिंदुस्थानासाठी देवादिकांचे पत्ते छापत. जोकरच्या पायाखालची रेघ भिंगातून बघा.'

मी लगेच घरी फोन लावला. "बाबा, भिंग घ्या. जोकरच्या पायाखाली बघा!"

"रेघ आहे नुसती... थांब. अगं, रेघ नाही ही! अक्षरं आहेत!"

"वाचा ना!"

"टी... यू... आर... एन..." बाबा एकेक अक्षर लावत होते. मी कागदावर लिहून घेत होते आणि शेजारच्या टेबलावरचे दोघं कामं सोडून माझ्या खुर्चीमागे उभे राहिले होते. "...एच, ओ, यू, टी!"

तुर्नहाउट. त्या बाईंच्या उत्तराखाली त्यांच्या गावाचं नाव हेच लिहिलेलं होतं! मी इतक्या जोरात "बेल्जियम!" म्हणून ओरडले की मॅनेजर केबिनबाहेर आले.

"म्हणजे इंग्लंडही नाही आणि आपलंही नाही," बाबा म्हणाले. "तुझी आई जिंकली! थांब, खालच्या मजल्यावर सांगून येतो."

फोन तसाच टाकून ते निघाले असावेत, कारण मागून आईचा आवाज आला, "अहो, आधी शर्ट तर घाला!"